हर्ब व्हिनेगर घरी मुरवताना: पाल्याचं पाणी हिशोबात धरा

प्रश्न थोडक्यात असा: बाल्कनीत पुदिना, सब्जा आणि गवती चहा भरपूर माजलाय. काचेच्या बरणीत पुदिन्याची मोठी जुडी धुऊन ठासून भरली, वरून ‘मदर’वालं (व्हिनेगर बनवणारे जिवाणू आत असलेलं) ॲपल सायडर व्हिनेगर ओतलं आणि बरणी खिडकीत उन्हाला ठेवली. आठवड्याभरात पानं तपकिरी पडली, व्हिनेगर गढूळ झालं आणि वर पांढुरका थर आला. हे सगळं ओतून द्यायचं का? आणि नीट करायचं तर कसं?

आधी तपकिरी पानांबद्दल, कारण बहुतेकांचा धीर तिथेच सुटतो. तो बिघाड नाही. पानाच्या हिरव्या रंगद्रव्यात मॅग्नेशियम असतं. आम्लात ते निघून जातं आणि हिरव्याचा मातकट खाकी होतो. कोणताही हिरवा पाला कोणत्याही व्हिनेगरमध्ये घातलात तरी हे होणारच. उन्हात ते लवकर होतं, अंधाऱ्या कपाटात जरा उशिरा, एवढाच फरक. बाजारातल्या देखण्या बाटल्यांमध्ये हिरवीगार डहाळी दिसते ती बहुधा नुकती सोडलेली असते. मुरवायला घातलेला पाला गाळून टाकायचा आणि बाटली भरताना शोभेपुरती एक ताजी काडी घालायची, ही जुनी युक्ती आहे.

आता थर. तो उजेडात नीट बघा. गुळगुळीत, ओलसर, जेलीसारखी चकती असेल आणि बरणी हलवली की अखंड लोळत असेल, तर ती ‘मदर’च आहे, म्हणजे व्हिनेगर बनवणाऱ्या जिवाणूंनी विणलेला तंतूंचा पडदा. न तापवलेल्या व्हिनेगरला हवा मिळाली की तो पुन्हा धरतो. त्यात धोका नाही, गाळून टाका. थर पातळ, कोरडा, सुरकुत्या पडलेला आणि पीठ भुरभुरल्यासारखा असेल, तर ते यीस्टसारखे जीव आहेत आणि तुमचं व्हिनेगर पातळ झाल्याची ती खूण आहे. आणि व्हिनेगरच्या वर डोकावणाऱ्या पानांवर लव आली असेल, हिरवी, काळी किंवा राखाडी, तर ती बुरशी. अशी बरणी चमच्याने वरचा भाग काढून वाचवायच्या भानगडीत पडू नका, पूर्ण ओता. तुमच्या वर्णनावरून मला दुसरा किंवा तिसरा प्रकार वाटतो, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे: बरणीत पाला फार झाला.

हे जरा आकड्यांत बघू, कारण सगळी मेख इथेच आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या साध्या व्हिनेगरमध्ये साधारण 4 टक्के ॲसेटिक ॲसिड असतं. भारतीय अन्नसुरक्षा नियमांत व्हिनेगरसाठी किमान 3.75 टक्के अशी अट आहे, म्हणजे मुळातच हातात फार मोकळीक नाही. अर्धा लिटर व्हिनेगर घेतलं तर त्यात सुमारे 20 ग्रॅम आम्ल. पुदिन्याचा साधारण 85 टक्के भाग पाणी असतो. 100 ग्रॅम पाला घातला की त्यातलं बरंचसं पाणी हळूहळू बाहेर येऊन व्हिनेगरमध्ये मिसळतं, शिवाय धुतल्यावर पानांना चिकटून येतं ते वेगळंच. 20 ग्रॅम आम्ल आता 585 मिलिलिटरमध्ये पसरलं, म्हणजे 3.4 टक्के. अजून थोडा पाला, अजून थोडं पाणी, आणि तुम्ही 3 टक्क्यांच्या आसपास येता. त्या पातळीला व्हिनेगर स्वतःलाही फार काळ टिकवू शकत नाही, तुमच्या पुदिन्याला काय टिकवणार! याउलट 15 ग्रॅमच पाला घातला, तर ताकद 3.9 च्या आसपास राहते. फरक जाणवतही नाही.

पीएच पट्टी (आंबटपणा मोजणारा कागद, आकडा जितका खाली तितकं जास्त आंबट) लावून हे तपासता येईल असं कुणी सांगेल, तर त्या भरवशावर राहू नका. ॲसेटिक हे सौम्य आम्ल आहे. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून ते निम्मं पातळ केलं तरी पीएच जेमतेम 0.15 ने चढतो, आणि घरगुती पट्टीवर तो फरक दिसत नाही. म्हणून मोजायचं ते पाल्याचं वजन. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा इथे पट्टीपेक्षा जास्त कामाचा.

माझं प्रमाण असं: अर्ध्या लिटरला ताज्या पाल्याच्या तीन-चार डहाळ्या, 15 ग्रॅम, फार तर 20. वाळलेला पाला असेल तर तीन मोठे चमचे. एवढाच पाला बरणीत दिसला की फसवणूक झाल्यासारखी वाटते, पण चव पुरेशी उतरते. ज्यांना झणझणीत वासाचं हवं असतं त्यांनी बरणी ठासण्याऐवजी पहिला पाला आठवड्याने गाळून काढावा आणि त्याच व्हिनेगरमध्ये एकदाच तेवढाच कोरडा, ताजा पाला घालावा. त्यात पाणी दोनदा शिरतं, म्हणून असं दुहेरी मुरवायचं तर लेबलवर 5 टक्के लिहिलेलं व्हिनेगरच घ्या.

व्हिनेगर कोणतं घ्यायचं, यावर लोक उगाच फार खर्च करतात. किराणा दुकानातल्या स्वस्त पांढऱ्या बाटलीवर बहुतेक वेळा ‘सिंथेटिक’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे ते आंबवून केलेलं नाही, ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी मिसळून केलेलं आहे. खायला चालतं, स्वच्छ असतं, पण घशाला टोचतं आणि त्यात नाजूक पाल्याचा वास दबून जातो. त्यात मिरची, लसूण, मिरी अशी दणकट मंडळी घाला. पुदिना, सब्जा, शेपू यांच्यासाठी आंबवून केलेलं फिकट व्हिनेगर घ्या, तांदळाचं किंवा पांढऱ्या द्राक्षाचं. फक्त तांदळाच्या व्हिनेगरची बाटली उलटून टक्केवारी वाचा, काही बाटल्या मुद्दाम सौम्य आणि गोड केलेल्या असतात. ॲपल सायडर चालेल, पण त्याची स्वतःची सफरचंदी चव मध्ये येतेच. ‘मदर’वालं असेल तर या कामासाठी ते जास्तीचं काहीच देत नाही, गाळण्याचा उपद्व्याप मात्र वाढवतो.

केमिकलच्या दुकानातून तीव्र ॲसेटिक ॲसिड आणून घरी पातळ करण्याचा सल्लाही फिरत असतो. तो ऐकू नका. त्याने कातडी भाजते, वाफेने डोळे जातात अशी परिस्थिती येऊ शकते, आणि ते खाण्याच्या दर्जाचं असेलच असं नाही.

गोव्याशी संबंध असणाऱ्यांच्या घरी माडाच्या सुरेचं व्हिनेगर असतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या बाटल्यांत भरलेलं मिळतं. रेशादचा मसाला किंवा विंदालू त्याशिवाय होत नाही, कारण त्याला नुसता आंबटपणा नसतो, आंबवण्याचा मागचा एक मऊ, किंचित गोड वास असतो. त्यात पुदिना घालणं म्हणजे दोघांचं नुकसान. लाल मिरची, लसूण आणि थोडी मिरी घातली तर मात्र मासळीसाठी याहून चांगलं काही नाही. पण घरगुती असल्यामुळे त्याची ताकद घरागणिक आणि बाटलीगणिक बदलते. त्यामुळे त्यात केलेलं फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा. तुम्ही स्वतः आंबवून केलेल्या जांभळाच्या किंवा उसाच्या सिरक्यालाही हाच नियम.

कृतीत खरं कष्टाचं काम एकच आहे: पाला कोरडा करणं. सकाळी दव उडाल्यावर आणि ऊन कडक व्हायच्या आत तोडा. फुलं यायच्या आधी पानांत वास जास्त असतो. डागाळलेली, किडकी पानं बाजूला काढा. बाजारातल्या जुडीच्या मुळाशी माती असते, पावसाळ्यात तर चिखलच. ती वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुवा. अमेरिकेतल्या कृषी विद्यापीठांची पत्रकं याच्या पुढे जातात: सहा कप पाण्यात एक छोटा चमचा बिनवासाचं साधं घरगुती ब्लीच, त्यात डहाळ्या बुडवून काढायच्या आणि मग साध्या पाण्याने नीट खळखळून धुवायच्या. बाजारच्या पाल्यासाठी मी हे करते, कुंडीतल्यासाठी नाही. मग सुती पंच्यावर एकेक डहाळी सुटी पसरून पंख्याखाली. पानांच्या बेचक्यात, देठाला पान जुळतं तिथे, पाण्याचा थेंब लपून राहतो. तो बोटाला लागत नाही तोवर पाला तयार नाही. पानं जराशी मलूल झाली तर उत्तमच, तेवढं आतलं पाणीही कमी झालं.

बरणी काचेची. तळाशी फडकं घालून पातेल्यात पाण्यासह ठेवा आणि उकळी आल्यावर दहा मिनिटं उकळू द्या. लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी मोहात पाडते, पण तिच्या लुकणाला, म्हणजे वरच्या चकचकीत थराला, बारीक तडे गेले असतील तर व्हिनेगर त्यात शिरतं, आणि जुन्या लुकणात शिसं असू शकतं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांचा व्हिनेगरशी संबंधच येऊ देऊ नका, तापवायलासुद्धा स्टील किंवा काचच. पत्र्याचं झाकण दोन महिन्यांत गंजतं आणि गंजाचं पाणी आत ठिबकतं. प्लॅस्टिकचं झाकण किंवा नवं बूच घ्या.

व्हिनेगर तापवायचं की थंडच ओतायचं, यावर दोन तट आहेत. मी दोन्ही करते. धने, मिरी, तिरफळ, वाळलेली मिरची, रोझमेरीसारखी काडीदार पानं यांच्यासाठी व्हिनेगर 88 ते 90 अंशांपर्यंत तापवून ओतते. थर्मामीटर नसेल तर पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरायला लागले की गॅस बंद. उकळी नको, नाहीतर घरभर ठसका. खिडकी उघडी ठेवाच. ओतताना बरणीही गरम हवी, थंड काच तडकते. पुदिना, सब्जा, शेपू यांच्या वासाला मात्र ही उष्णता सोसत नाही. त्यांच्यासाठी व्हिनेगर तापवून, झाकून, पूर्ण थंड करून मग ओता. असं केलं की ‘मदर’वाल्या व्हिनेगरमध्येही नवी चकती सहसा धरत नाही. पानं पूर्ण बुडली पाहिजेत. वर येत असतील तर तेवढी काढून टाका.

बरणी उन्हात ठेवू नका. ‘उन्हात मुरतं’ हा हिशोब लोणच्याचा आहे. तिथे मीठ आणि तेल असतं. इथे उन्हाने रंग उडतो आणि वास शिळा पडतो. अंधारं, कोरडं कपाट, गॅसपासून लांब.

किती दिवस, ते पाल्यावर आहे. मिरचीचा जाळ दोन-तीन दिवसांत उतरतो, त्यामुळे रोज थेंबभर चाखा. पुदिना चौथ्या-पाचव्या दिवसापासून चाखायला लागा. तो फार दिवस राहिला की गवताची, कच्च्या पाल्याची चव यायला लागते. गवती चहाला आठवडा-दोन आठवडे. लसूण, धने, मिरी यांना तीन-चार आठवडे आरामात. चाखायचं ते नुसतं नाही. पावाच्या तुकड्यावर किंवा काकडीच्या फोडीवर घ्या, नुसतं घेतलं तर जीभ आंबटपणापुढे दुसरं काही सांगत नाही. हवा तसा वास आला की गाळा, आधी गाळणीतून, मग चौपदरी मलमलीतून किंवा कॉफीच्या कागदी फिल्टरमधून. मलमल पिळू नका, पिळलीत की गढूळपणा परत आलाच.

आता तुमच्या बाल्कनीबद्दल. सब्जा हा तुमचा सगळ्यात मौल्यवान पाला आहे. फालुद्यात आपण ज्याचं बी घालतो त्याचीच पानं, आणि ती बेसिलच आहेत. आपल्याकडच्या सब्जाला बडीशेपेकडे झुकणारा जो वास येतो तोच फ्रेंच स्वयंपाकातल्या टॅरागॉनच्या पाल्यातही असतो. टॅरागॉनचं व्हिनेगर तिकडे फार मानाचं, इथे तो पाला मिळणं मुश्किल. सब्जाच्या तीन डहाळ्या आणि अर्धा चमचा ठेचलेली बडीशेप पांढऱ्या द्राक्षाच्या व्हिनेगरमध्ये घाला. अगदी तेच होत नाही, पण अंड्यावर आणि उकडलेल्या बटाट्यावर त्याची उणीव भासत नाही.

गवती चहाची वरची पात चहाला ठेवा आणि खालचा पांढरट, जाड भाग व्हिनेगरला वापरा. दोन काड्या वरवंट्याने चेचून घ्या. पहिला महिना वास सुंदर लिंबासारखा असतो. पण ज्या द्रव्यामुळे तो येतो, ते सिट्रल आम्लात टिकत नाही, हळूहळू मोडतं, आणि मग जुन्या लिंबू सरबतासारखा वास यायला लागतो. त्यामुळे हे लहान बाटलीत करा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन महिन्यांत संपवा.

पुदिना एकटा मला फारसा आवडत नाही. मिऱ्याचे पाच-सहा दाणे सोबत दिले की त्याला कणा येतो. ओव्याची पानं, कुंडीत वाढतात ती जाड, लवदार, तुमच्याकडे असतील तर दोनच पुरेत. वास पिझ्झावरच्या ओरेगॅनोच्या जवळचा, आणि पान मांसल असल्यामुळे पाणी भरपूर. तुळशीचा लवंगेसारखा वास व्हिनेगरमध्ये औषधी काढ्याकडे जातो. एखादी मंजिरी ठीक, जास्त नको. कोथिंबिरीवर वेळ घालवू नका, तिचा ताजा वास चार दिवसांत उडून जातो. त्याऐवजी किंचित भाजलेले धने घाला. कढीपत्त्याचा वास तेलात जितका खुलतो तितका इथे खुलत नाही.

शेपू मात्र जरूर करून बघा. घरातली जी मंडळी शेपूची भाजी बघून ताटावरून उठतात, तीच शेपूच्या व्हिनेगरमधला कांदा मागून घेतात. जून झालेल्या शेपूचे तुरे मिळाले तर पानांपेक्षा ते घ्या. कोकणात कुणी असेल तर वाळलेली तिरफळं मागवा. आतलं काळं बी टाकायचं, नुसती टरफलं दहा-बारा, गरम व्हिनेगरमध्ये. बांगडा तळण्याआधी या व्हिनेगरचा चमचाभर हात फिरवला की काम झालं.

फुलवाल्यांकडच्या मरव्याबद्दलही बरेचदा विचारलं जातं. मरवा म्हणजे मार्जोरम, खाण्याचाच पाला, आणि व्हिनेगरमध्ये तो छान लागतो. पण फुलबाजारात येणारा माल खाण्यासाठी पिकवलेला नसतो, त्यावर काय फवारलंय ते कुणी सांगू शकत नाही. रोप आणून कुंडीत लावा, जुना पाला छाटून टाका आणि नवी फूट आल्यावर ती वापरा. रंगासाठी गोकर्णाची दोन-चार निळी फुलं टाकलीत तर व्हिनेगर निळं न होता जांभळट गुलाबी होतं. चवीला काही नाही, बघायला मजा.

लसूण घातलात आणि तो निळा-हिरवा पडला तर घाबरू नका. लसणातली गंधकाची संयुगं आम्लात तसा रंग देतात. खायला सुरक्षित. खरी सावधगिरी तेलाबाबत बाळगायची. कच्चा लसूण किंवा ओला पाला नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवला, तर हवा नसलेल्या आणि आंबट नसलेल्या त्या जागी बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू विष तयार करू शकतात, आणि त्याला वासही येत नाही. पीएच 4.6 च्या खाली ते वाढत नाहीत आणि व्हिनेगर त्याच्या खूप खाली असतं. म्हणून व्हिनेगरमध्ये जे चालतं तेच तेलात करून बघू नका. सॅलडसाठी तीन भाग तेल आणि एक भाग हे व्हिनेगर फेटून ठेवायचं असेल आणि त्यात कच्चा लसूण असेल, तर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.

गाळलेलं व्हिनेगर थंड, अंधाऱ्या जागी दोन-तीन महिने चांगलं राहतं, फ्रिजमध्ये सहा ते आठ महिने. मुंबई-कोकणच्या मे महिन्यात ‘थंड जागा’ म्हणजे फ्रिजच समजा. बाटलीवर पाला आणि तारीख लिहून चिकटवा. तळाशी नवा गाळ, वर बुडबुडे किंवा फेस दिसला तर चाखून बघत बसू नका, ओतून द्या. लोणची किंवा महिनोन्‌महिने टिकवायच्या भाज्यांसाठी हे वापरू नका, त्याला ताकद माहीत असलेलं साधं व्हिनेगरच लागतं. आणि वजन उतरवण्यासाठी सकाळी उपाशीपोटी प्यायलाही हे केलेलं नाही. पाण्यात न मिसळता रोज घेतलेल्या व्हिनेगरने दातांवरचं आवरण झिजतं.

तुमची सध्याची बरणी ओता, गरम साबणाच्या पाण्याने धुवा, उकळून घ्या. झाकण पत्र्याचं असेल तर बदला. आणि पुढच्या खेपेला सब्जापासून सुरुवात करा, पुदिना आधी चटणीत संपवा. गाळून उरलेला पाला पुन्हा व्हिनेगर ओतून वापरता येतो का, असं नंतर विचाराल म्हणून आत्ताच सांगते: नाही, त्यात काही उरलेलं नसतं. कुंडीतही थेट टाकू नका, आंबट असतो. दोन पाण्यांनी धुवा आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात घाला.